बुडबुडेबाईंचं टेबल

बुडबुडेबाईंना कुणी विचारलं, की बाई, तुमच्या हातून कधी काही चुकतं की नाही, तर त्या चष्म्याच्या वरून बघायच्या आणि म्हणायच्या, "चुकतं की. भाजीत मीठ चुकतं." एवढं बोलून नजर पुन्हा पाण्याच्या टबात. यात फुशारकी नव्हती बरं का. बाई खरं तेच सांगत होत्या. भाजीत मीठ कायम कमी पडायचं, आणि त्यांच्या टेबलावरून गळकं काही बाहेर जायचं नाही.

हे बुडबुड्यांचं प्रकरण काय, ते आधी सांगून टाकलेलं बरं. बाईंच्या चिरंजीवांचं एअरसॉफ्टचं दुकान. एअरसॉफ्टची पिस्तुलं म्हणजे खेळातली पिस्तुलं. दिसायला थेट खऱ्यासारखी, पण सुटते ती वाटाण्याएवढी प्लास्टिकची गोळी. समोर पत्र्याच्या चकत्या मांडायच्या, घड्याळ लावायचं, आणि कोण किती झटपट पाडतो ते बघायचं. चांगली मोठी माणसं खेळतात, पोटं सुटलेली, बँकेतली, शाळेतली. गोळीला जोर देतो गॅस, आणि तो भरलेला असतो मॅगझिनमध्ये, म्हणजे पिस्तुलाच्या मुठीत सरकवायच्या त्या जडशा डबीत. डबीला खाली गॅस भरायचा व्हॉल्व्ह, वर गॅस सोडायचा व्हॉल्व्ह, आणि जिथे जिथे दोन भाग जुळतात तिथे रबराची बारीक रिंग. यातली एक रिंग कोरडी पडली, चिरली किंवा कुणी शहाण्याने जोर लावून पिळली, की डबी फुसफुसायला लागलीच म्हणून समजा. पाच गोळ्या बऱ्या जातात, सहाव्या गोळीला पिस्तूल नुसता उसासा टाकतं आणि गोळी नेमबाजाच्या पायाशी पडते. मग तो तोंड पाडून दुकानात येतो, आणि चिरंजीव त्याला मागच्या खोलीचं दार दाखवतात.

मागच्या खोलीत खिडकीखाली बाईंचं टेबल. जाड लाकडाचं, एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी, वरच्या फळीवर स्टोव्हच्या डागांचे गोल. ते डाग बाईंच्या यजमानांच्या काळातले. ते स्टोव्ह आणि लायटर दुरुस्त करायचे. ते गेल्यावर बाई त्यांच्या खुर्चीत बसल्या ते बसल्याच. आधी स्टोव्ह, मग लायटर, मग ही पिस्तुलं. बाई म्हणायच्या, रबर तेच आहे, फक्त रिंग लहान होत गेली आणि गिऱ्हाईक मोठं.

कामाची पद्धत ठरलेली. डबीत गॅस भरायचा, डबी पाण्यात बुडवायची, बोटांनी तळाशी दाबून धरायची आणि शंभरपर्यंत मोजायचं. तेवढा वेळ खोलीत कुणी बोलायचं नाही. गळती असेल तर बुडबुडा येतोच, आणि तो कुठून येतो, केवढा येतो, किती वेळाने येतो, यावरून बाई बसल्या जागी निदान करायच्या. मोठा आणि आळशी बुडबुडा आला तर खालचं झाकण. बारीक मण्यांची माळ आली तर भरायचा व्हॉल्व्ह. वरच्या व्हॉल्व्हचा बुडबुडा लबाड, तो कडेला लपून बसतो आणि डबी हलवली की सुटतो. मग बाई रिंग बदलणार, सिलिकॉन तेलाचा एक थेंब देणार, आणि गिऱ्हाइकाला धारेवर धरणार. डबी रिकामी का ठेवली? थोडा गॅस आत ठेवावा, रबर दाबात राहिलं तर कोरडं पडत नाही, हे कितीदा सांगायचं? बँकेचे मॅनेजर मान खाली घालून ऐकून घ्यायचे.

चिरंजीवांना मात्र ते टेबल डोळ्यांत खुपत होतं. वाईट नव्हता हो मुलगा. आईची बोटं गेल्या वर्षापासून सांध्यांत सुजायला लागली होती, थंड पाण्यात हात घातला की तिच्या तोंडावर कळ उमटायची, ती त्याला दिसत होती. पण दिसलं ते त्याने सांगितलं उलट्या बाजूने. त्या जागी काचेचं कपाट छान बसेल म्हणाला. नवीन मॅगझिनं मांडू. लोकांना हल्ली दुरुस्ती नको असते, गळलं की फेकायचं आणि दुसरं घ्यायचं. तू आराम कर.

आराम हा शब्द ऐकला आणि बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी हातातली किल्ली खाली ठेवली.

"ऐक," त्या म्हणाल्या. "डबी एकदा परत आली तर चूक गिऱ्हाइकाची. दोनदा आली तर रबराची. तिसऱ्यांदा आली तर माझी. ज्या दिवशी एखादी डबी तिसऱ्यांदा परत येईल, त्या दिवशी हे टेबल तुझं. मग तिथे कपाट ठेव नाहीतर हत्ती बांध."

सूनबाई तेव्हा दारात टॉवेलांच्या घड्या घालत उभी होती. तिने एकदा नवऱ्याकडे पाहिलं, एकदा सासूकडे, आणि घड्या घेऊन आत गेली. चिरंजीवांनी ही गोष्ट गंमत म्हणून दोनचार गिऱ्हाइकांना सांगितली, आणि आठवड्याभरात सगळ्या नेमबाजांना पैज ठाऊक झाली. बाईंना त्याचं काही वाटलं नाही. उलट बरंच वाटलं. आत्तापर्यंत दुसऱ्यांदा परत आलेली डबीसुद्धा त्यांना आठवत नव्हती.

आता या सूनबाईविषयी दोन शब्द. ही हॉस्पिटलच्या लाँड्रीत कामाला. पहाटे जायची, दुपारी यायची. घरात येऊन दोन वर्षं झाली होती, पण सासूसुनेत अजून पाहुण्यांसारखंच चाललं होतं. आई, चहा ठेवू का? ठेव. आई, दिवा लावू का? लाव. भांडण नाही, तंटा नाही, आणि त्यापुढे काहीच नाही. भांडण झालं असतं तर निदान ओळख तरी झाली असती, असं बाईंच्या मनात यायचं.

मग बोटं सुजायला लागली आणि एक दिवस दुपारी सूनबाईने टब उचलून नेला. काही न बोलता आत गेली, आणि टब भरून आणून टेबलावर ठेवला. ठेवण्याआधी कोपर बुडवून पाहिलं, तान्ह्या मुलाच्या आंघोळीचं पाणी बघतात तसं. बाईंनी डबी बुडवली, आणि बोटं जी आखडलेली होती ती अशी सैल झाली म्हणता, की त्या मोजायलाच विसरल्या. पाणी कोमट होतं. त्या दिवसापासून रोज दुपारी टब असाच यायचा. बाईंनी त्यावर एकदाच तोंड उघडलं. पाणी बरं आहे म्हणाल्या. सूनबाई हं म्हणाली. दोन वर्षांत एकमेकींशी झालेलं ते सगळ्यात लांबलचक बोलणं होतं, आणि खरं सांगायचं तर बाई सकाळपासून त्या टबाची वाट बघायला लागल्या होत्या.

आणि मग उगवले चष्मेवाले.

चष्मेवाले म्हणजे कोपऱ्यावरच्या चष्म्याच्या दुकानाचे मालक. मऊ बोलणारा, सभ्य माणूस. डबी आणायचे तीसुद्धा काच पुसायच्या पिवळ्या फडक्यात गुंडाळून. वरचा व्हॉल्व्ह फुसफुसत होता. बाईंनी तो काढला, नव्या पाकिटातली टणक, टिकाऊ रिंग बसवली, टबात शंभर मोजले. बुडबुड्याचा मागमूस नाही. डबी गेली.

चार दिवसांनी फडकं परत आलं. चष्मेवाले म्हणाले, मावशी, इथे ठीक असते, घरीही ठीक असते, पण तिकडे नेली की... बाईंनी त्यांना तिथेच तोडलं. तिकडे नेताना रिकामी नेत असाल, म्हणाल्या. बाईंनी डबी भरून टबात धरली. शंभर झाले, काही नाही. तरी त्यांनी रिंग बदलली, आणि चष्मेवाल्यांना डबी कशी ठेवावी यावर असं काही सुनावलं, की पुढच्या खोलीतल्या दोन गिऱ्हाइकांनीही ते नीट ऐकून घेतलं.

आठवड्याने फडकं दुसऱ्यांदा परत आलं. चिरंजीवांनी या वेळी ते स्वतः आत आणून ठेवलं, अगदी अलगद, आणि बोटांनी हवेतच एक आणि दोन असं दाखवलं. बाईंनी कपाळाला आठ्या घातल्या. डबी पूर्ण सोडली. सगळ्या रिंगा बदलल्या, त्याच पाकिटातल्या, सगळ्या नव्या कोऱ्या. व्हॉल्व्ह उजेडाला धरून बघितला. सूनबाईने टब आणून ठेवला. बाईंनी डबी बुडवली आणि दोनशे मोजले, मग डबी उलटी करून पुन्हा शंभर. पाणी आरशासारखं स्वच्छ. एक बुडबुडा शपथेला नाही. दुसऱ्या दिवशी त्या चहाला उठल्या आणि परत आल्या तो चिरंजीव टेप लावून टेबलाच्या जागेची लांबी मोजताना सापडले. टेप बघत होतो म्हणे, नवीन आहे. सोमवारी सुताराला बोलावलंय, पण ते पुढच्या फळ्यांसाठी.

"सुतार येऊ दे," बाई म्हणाल्या. "टेबलाच्या पायाखालचा पुठ्ठा काढून लाकूड बसवायचंच आहे."

त्याच आठवड्यात शनिवारी सकाळी चिरंजीव माल आणायला गेले होते, सूनबाई कामावर. दुकानात बाई एकट्या. दाराची घंटा वाजली आणि काउंटरच्या पलीकडे पिवळं फडकं दिसलं.

चष्मेवाल्यांचा चेहरा गुन्हेगारासारखा. उद्या स्पर्धा आहे म्हणाले, नाहीतर आलोच नसतो. बाईंनी मग जे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं ते केलं. त्यांना स्टूल दिलं आणि म्हणाल्या, त्या दिवशी तुमचं बोलणं मी मधेच तोडलं. आता पूर्ण करा. तिकडे नेली की काय होतं?

चष्मेवाले सांगायला लागले. घरी डबी दोन दोन दिवस भरलेली राहते, काही होत नाही. पण नेमबाजीच्या हॉलवर नेली, की अर्ध्या तासात वरून फुसफुसायला लागते. घरी आणली की पुन्हा गप्प. हॉल नवीन आहे, याच मोसमात सुरू झालाय, जुन्या बर्फाच्या कारखान्यात. बाईंनी विचारलं, आणखी कोण कोण जातं तिथे? ते म्हणाले, आपल्यापैकी सध्या मी एकटाच, बाकीचे मैदानावर खेळतात. उद्यापासून सगळेच येतील.

बाईंनी अंगावरचा कामाचा कोट काढला, दुकानाला कुलूप लावलं, हत्यारांची पिशवी आणि रिंगांचे डबे घेतले, आणि चष्मेवाल्यांच्या गाडीत जाऊन बसल्या. चला, म्हणाल्या. आजारी माणूस जिथे आजारी पडतो तिथेच त्याला बघायला हवं.

हॉलच्या भिंती हातभर जाड. बर्फ गेलं, कारखाना गेला, पण गारवा जायचं नाव घेत नव्हता. बाहेर ऊन आणि आत शिरताच अंगावर काटा. बाईंनी दाराच्या चौकटीला हात लावला मात्र, पाचही बोटांतून अशी कळ गेली की त्यांनी हात काखेत घातला. आणि त्या तशाच उभ्या राहिल्या. हात काखेत, नजर समोरच्या चकत्यांवर. गारव्यात माझी बोटं आखडतात. कोमट पाण्यात सैल होतात. मग रबराचं काय होत असेल?

त्यांनी बादली मागवली आणि तिथल्याच नळाचं पाणी भरायला लावलं. पाणी असं गार, की चष्मेवाल्यांनी बादली ठेवून हात झटकले. बाईंनी बाही वर केली, डबी बुडवली आणि तळाशी दाबून धरली. बोटं ठणकायला लागली. तीस झाले, चाळीस झाले, कळ मनगटात चढली. साठाच्या आसपास डबीच्या वरच्या काठाशी एक टाचणीच्या डोक्याएवढा बुडबुडा जमला, थोडा थरथरला आणि सुटला. त्याच्यामागून दुसरा. मग तिसरा. लबाड वरचा व्हॉल्व्ह. ती टणक रिंग गारव्यात आखडून दगड होत होती, आणि टबाच्या कोमट पाण्यात मऊ पडून जागा नीट धरत होती. दोन आठवडे बाई गळती शोधत होत्या अशा पाण्यात, जे पाणी गळती बुजवत होतं.

पहिल्यांदा त्यांना वाटला तो आनंद. सापडली. दुसऱ्या क्षणी आठवला टब, आणि टब ठेवण्याआधी त्यात बुडणारं ते कोपर. घरात कुणीतरी न सांगता आपलं दुखणं ओळखलं, आणि नेमकं तेच नडलं होतं.

पण डबी हातात होती आणि बाई हातातलं काम टाकून रडणाऱ्यातल्या नव्हत्या. एका खोक्यावर बसून त्यांनी व्हॉल्व्ह काढला. पिशवीत एक जुना डबा होता. लवकर झिजतात म्हणून बाजूला टाकलेल्या मऊ रिंगांचा. त्यातली एक निवडून बसवली, तेलाचा थेंब दिला, गॅस भरला आणि पुन्हा बादलीत हात घातला. पूर्ण दोनशे मोजले. ओठ निळे पडले पण आकडा चुकला नाही. पाणी स्वच्छ. तरी त्यांनी डबी अर्धा तास तशीच गार फरशीवर ठेवायला लावली आणि मग म्हणाल्या, मारा. चष्मेवाल्यांनी डबी मुठीत सरकवली आणि एकामागून एक वीस गोळ्या झाडल्या. विसावीलाही चकती पहिलीसारखीच खणखणली.

परतताना गाडीत चष्मेवाले हळूच म्हणाले, मावशी, दुकानात कुणी नव्हतं. मी आज आलोच नाही असं समजू. पैज बिज कशाला मनावर घ्यायची.

"तुम्ही समजाल हो," बाई म्हणाल्या. "मला रोज त्या टेबलाशी बसायचंय. ते कसं समजेल?"

बाईंनी वाटेतच ठरवून टाकलं. डबी परत आली हे सांगायचं. दिलेला शब्द खाली पडू द्यायचा नाही. पाण्याचं मात्र मूग गिळून गप्प बसायचं. त्या पोरीला कळलं तर उद्यापासून ती टबाला हात लावायची नाही, आणि तेवढा एक धागा होता तोही तुटेल. टेबल जाणार याचं दुःख त्यांना होतंच. तीस वर्षं ज्या लाकडावर कोपर टेकलं ते जाणार. पण टबाच्या विचाराने जे कळवळलं ते वेगळंच होतं.

दुपारी तिघं चहाला बसली तेव्हा बाईंनी सांगून टाकलं. चष्मेवाले तिसऱ्यांदा आले होते. टेबल तुझं.

चिरंजीवांच्या हातातला कप तसाच राहिला. इतके दिवस टेप घेऊन फिरणारा माणूस, पण आता त्याला आनंद काही करता येईना. दोष काय निघाला, त्याने विचारलं. रिंग टणक होती, गारव्यात आखडत होती, बाईंनी सांगितलं. तो म्हणाला, मग आपल्या टबात गळती कशी नाही दिसली? तू तर तीनशे मोजले होतेस.

"नजर चुकली," बाई म्हणाल्या.

बुडबुडेबाईंची नजर चुकली. हे त्या खोलीतल्या भिंतींनाही पटलं नसतं. सूनबाई सासूच्या हातांकडे बघत होती. बोटं लाल, सुजलेली, बाहीचा काठ अजून ओला. लाँड्रीत रोज गरम आणि गार पाण्यात कापड, इलॅस्टिक बघणारी बाई ती, तिला कुणी वेगळं समजावून सांगायची गरज नव्हती. तिने कप खाली ठेवला.

"पाणी कोमट होतं म्हणून," ती म्हणाली. "ते मी आणत होते."

बाईंचा संयम सुटला. "पाणी कुणी आणलं हे कुणी विचारलंय का? टबात हात माझे होते. पाणी कोमट आहे हे मला रोज कळत होतं. पण बरं वाटायचं म्हणून डोकं चाललं नाही." त्या थांबल्या आणि मग जे बोलायचं नव्हतं ते तोंडातून गेलंच. "मला आवडायचं ते पाणी. दिवसभर त्याची वाट बघायचे मी. काय करणार आहात?"

कुणी काहीच केलं नाही. सूनबाई उठून आत गेली आणि बाईंना वाटलं, झालं, संपलं.

रविवारी त्यांनी एका खोक्यात हत्यारं भरली. किल्ल्या, चिमटे, तेलाची बाटली, टणक रिंगांचा डबा, मऊ रिंगांचा डबा. टब रिकामा करून उपडा ठेवला. संध्याकाळी चष्मेवाल्यांचा फोन आला, दुसरा नंबर लागला, शेवटपर्यंत डबीने दगा दिला नाही, आणि मावशी, आणखी सहा जणांच्या डब्या तिथे फुसफुसत होत्या, सगळे तुमचा पत्ता विचारतायत. बाई म्हणाल्या, टेबलाच्या मालकाशी बोला, आणि फोन मुलाकडे दिला. चिरंजीव बराच वेळ हो हो करत राहिले आणि फोन ठेवल्यावर आईकडे बघायचं त्यांनी टाळलं.

सोमवारी सुतार आला. चिरंजीवांनी त्याला मागे नेलं. बाई खिडकीशी उभ्या होत्या, खोकं पायाशी. सुताराने टेबलावर थाप मारून लाकूड जोखलं आणि विचारलं, हे कुठे टाकायचं? चिरंजीव तोंड उघडतात न उघडतात तोच मागून सूनबाईचा आवाज आला. सोमवारी या वेळी ती कामावर असायची. आज नव्हती.

"टाकायचं नाही. लांब करायचं. दोघी शेजारी शेजारी बसू एवढं. आणि तो पुठ्ठा काढा."

चिरंजीव म्हणाले, अगं, टेबल माझं झालंय. झालंय ना, ती म्हणाली, मग मला वेगळी परवानगी कशाला लागते? दुपारचे तीन तास मी बसणार आहे इथे. सहा जणांच्या डब्या सकाळीच दुकानात येऊन पडल्यात, त्या काय कपाट दुरुस्त करणार आहे? चिरंजीवांनी आईकडे पाहिलं. आई खिडकीबाहेर अशी टक लावून बघत होती, जणू तिथे कधी नव्हे ते काहीतरी घडत होतं. शेवटी त्यांनी टेप सुताराच्या हातात दिला, आणि तो देताना त्यांचा जीव भांड्यात पडल्याचं सुतारालासुद्धा दिसलं.

बाई मात्र हटून बसल्या. मी शब्द दिलाय म्हणाल्या. मी त्या टेबलाशी बसायची नाही.

"टेबल ह्यांचं होईल, असा शब्द दिला होतात तुम्ही," सूनबाई म्हणाली. "ते झालं. बसणार नाही असं कुठे म्हणाला होतात? मी इथेच दारात होते, आई. टॉवेलांच्या घड्या घालत."

बाईंनी आठवून पाहिलं. पुन्हा एकदा पाहिलं. पोरीच्या बोलण्यात फट सापडेना, आणि फटी शोधणं हा तर बाईंचा धंदा. त्यांनी खोक्यातून किल्ली काढली.

सुतार लाकूड आणायला गेला. टेबल अजून जुन्याच लांबीचं होतं, म्हणून दोघी चिकटून बसल्या. सूनबाई आत जाऊन आली ती दोन टब घेऊन. एक टेबलावर मधोमध ठेवला, त्यात नळाचं गार पाणी आणि वर बर्फाचे चार तुकडे. दुसरा बाईंच्या मांडीजवळ स्टुलावर. त्यातून वाफ निघत होती. तो ठेवण्याआधी तिने कोपर बुडवून पाहिलं.

"हा डबीचा," ती म्हणाली. "आणि हा तुमचा."

तिने बाह्या वर केल्या, सहातली पहिली डबी उचलली आणि गार पाण्यात तळाशी दाबून धरली. थंडीने तिचे दात एकदा वाजले. बाईंनी आपली दहाही बोटं कोमट पाण्यात सोडली, चष्मा नाकावर सरकवला आणि मान पुढे काढली. डोळे भरून आले होते, ते त्यांनी खांद्याला पुसले, कारण भरल्या डोळ्यांनी बुडबुडा दिसत नाही.

"शंभरपर्यंत मोज," त्या म्हणाल्या. "मधे बोलायचं नाही."

सूनबाई मोजायला लागली. पुढच्या खोलीत चिरंजीवांनी दाराची घंटा हाताने धरून ठेवली. बेचाळीसला वरच्या काठाशी पहिला बुडबुडा आला, आणि तो दोघींना एकदमच दिसला.